जत्रेच्या नाटकात प्रेमकथा कशी रंगवावी

गोव्यात देवळाच्या जत्रेला किंवा उत्सवाला मराठी नाटक बसवणाऱ्या हौशी मंडळींनी प्रेमकथेची संहिता निवडताना आधी तिच्यातला अडसर तपासून पाहावा. 1882 साली रंगभूमीवर आलेले ‘संगीत सौभद्र’ पाहायला बसलेल्यांना अर्जुन-सुभद्रेचे लग्न होणार हे ठाऊकच असते. तरीही बलरामाने सुभद्रा दुर्योधनाला द्यायचे ठरवले आहे आणि संन्याशाच्या वेषातला अर्जुन समोर असूनही सुभद्रा त्याला ओळखत नाही, एवढ्यावर मंडप खिळून राहतो. ‘संगीत संशयकल्लोळ’मध्ये तर हरवलेली एक तसबीर प्रेमिकांत संशय पेरायला पुरते. अडसर लहान असला तरी चालेल, पण पात्रांना तो खरोखर बोचला पाहिजे. म्हणून आड येणाऱ्या बापाला किंवा भावाला हास्यास्पद करू नये. त्याचेही म्हणणे प्रेक्षकाला पटले, तरच जीव टांगणीला लागतो.

खरी मेहनत तालमीत आहे. समोर आईवडील, शेजारी आणि सारा गाव बसणार, या विचाराने नवखे नट प्रेमाचा प्रवेश घाईने उरकतात. आमच्या एका तालमीत नायकाने नायिकेला अबोलीची फाती, म्हणजे फुलांचा गजरा, द्यायची होती आणि ती ओझे उतरवावे तशी तिच्या हातात कोंबली जात होती. मग आम्ही ठरवले की त्याने हात पुढे करावा, तिने आधी त्याच्याकडे आणि मग फुलांकडे पाहावे, मनात तीन अंक मोजावेत आणि नंतरच बोटे उघडावीत. त्या तीन अंकांत पेटीवाल्याने सूर धरून ठेवला आणि तालीम बघायला आलेली पोरे गप्प झाली.

पहिले आठ दिवस बसून नुसते वाचन करावे, उभे राहण्याची घाई करू नये. नजरेला नजर देणे जड जात असेल, तर समोरच्याच्या कपाळाकडे पाहावे. मंडपातून फरक कळत नाही.

वेळ वाचवण्यासाठी पदे मात्र कापू नयेत, कारण संवादात जे बोलायला पात्र धजत नाही ते पदात बोलते. कापायचेच असेल, तर मनातले सगळे शब्दांत सांगून टाकणारी लांबलचक भाषणे कापावीत.