मुकादमाची हमाली आणि १ टक्का: छोट्या धंद्यात टीडीएस कसा कापायचा

जळगाव एमआयडीसीत आमची दोघा भावांची छोटी दालमिल आहे, पार्टनरशिप फर्म. टीडीएस, म्हणजे कोणाला पैसे देतानाच त्यातून आयकर कापून सरकारकडे भरायचा, ही मोठ्या कंपन्यांची भानगड असंच आम्ही समजायचो. मग एका वर्षी सीएने हमालीचं खातं उघडलं आणि विचारलं, वर्षाचे १,४४,००० मुकादमाला गेले, टीडीएस कुठंय? आम्ही म्हटलं ती तर मजुरी, तिच्यावर कसला टॅक्स. पण मजुरी नव्हतीच ना भो, मुकादम टोळी आणतो, पोत्यामागे रेट ठरवतो, पैसे एकटा घेतो आणि पोरांना वाटतो, म्हणजे कायद्याने तो कॉन्ट्रॅक्टर. कापायचे होते १,४४० रुपये. कापले नाहीत म्हणून त्या खर्चातला ३० टक्के, म्हणजे ४३,२०० रुपये, खर्च म्हणून धरलाच नाही, आणि फर्मच्या ३१.२ टक्के रेटने साडेतेरा हजाराच्या आसपास जादा टॅक्स बसला, वर व्याज. मुकादमाने स्वतःचं रिटर्न भरून ते पैसे दाखवले असते तर सीएच्या सर्टिफिकेटवर सुटलो असतो, पण त्याने कुठलं रिटर्न भरलंय.

तर पहिलं हे बघा की कापायचं तुम्हाला लागू आहे का. फर्म, एलएलपी, कंपनी असेल तर उलाढाल कितीही असो, लागू. एकट्याच्या नावावर धंदा असेल तर मागच्या वर्षी उलाढाल १ कोटीच्या वर गेली असेल तरच. आणि स्वतःच्या हजेरीवरचे रोजंदारीचे मजूर, ज्यांना तुम्ही हातात पगार देता, ते यात नाहीत. मुकादम, फॅब्रिकेशनवाला, वायरिंगचा ठेका घेणारा, ट्रान्सपोर्टवाला, हे यात. आयकर कायद्याचं कलम १९४सी. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आलाय, त्यात हे सगळं कलम ३९३ मध्ये गेलं, पण दर आणि मर्यादा त्याच. कलमांचे आणि फॉर्मांचे नंबर मी जुनेच लिहितोय, कारण बाजारात सगळ्यांच्या तोंडात तेच बसलेत.)

मर्यादा दोन आहेत आणि सगळे दुसरीत फसतात. एक बिल ३०,००० च्या वर गेलं की कापा, हे बहुतेकांना माहीत असतं. पण एकाच पार्टीला वर्षभरात मिळून १ लाखाच्या वर गेलं तरी कापायचं, आणि तेव्हा फक्त वरच्या रकमेवर नाही, एप्रिलपासूनच्या सगळ्या बेरजेवर. समजा महिन्याला हमाली १२,००० होते. नोव्हेंबरपर्यंत ९६,०००, काही नाही. डिसेंबरचं बिल आलं की १,०८,०००, आता पूर्ण १,०८,००० चा १ टक्का म्हणजे १,०८० रुपये त्या एकाच बिलातून कापावे लागतात, आणि मग मुकादम दारात येऊन उभा, "भाऊ, मना पैसा कसाले कापी ऱ्हायनात?" म्हणून आता वर्षाला लाख ओलांडणार हे दिसत असेल तर आम्ही एप्रिलपासूनच दर महिन्याला १२० कापतो. टॅलीत पार्टीवार लेजर ठेवा, किंवा साध्या वहीत प्रत्येक मुकादमाचं एक पान, पण चालू बेरीज पाहिजेच. अ‍ॅडव्हान्स दिला तर तोसुद्धा मोजायचा, बिल यायची वाट बघायची नाही.

दर किती, ते पॅनच्या चौथ्या अक्षरावरून कळतं. पी (एकटा माणूस) किंवा एच (हिंदू एकत्र कुटुंब) असेल तर १ टक्का, एफ (फर्म) किंवा सी (कंपनी) असेल तर २. पॅन दिलंच नाही, किंवा आधारला लिंक नसल्याने बंद पडलंय, तर सरळ २० टक्के, म्हणजे त्याच १,०८,००० वर २१,६०० रुपये. कामाला सुरुवात करायच्या आधीच पॅनची झेरॉक्स घ्या, नंतर कोणी देत नाही.

बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर तो सोडून कापा. शेडचं काम ८०,००० आणि जीएसटी १४,४००, तर एकट्या माणसाच्या बिलातून ८०० कापून ९३,६०० द्यायचे. ट्रकवाल्याकडे १० किंवा कमी गाड्या असतील आणि त्याने तसं लेखी डिक्लेरेशन पॅनसकट दिलं तर कापायचं नाही. पण टीडीएसच्या तिमाही रिटर्नमध्ये ते भाडं दाखवायचं असतं, सावदा-रावेरकडून केळीच्या गाड्या भरणारे आमचे ओळखीचे लोक नेमकं हेच विसरतात.

कापायच्या आधी टॅन, म्हणजे टॅक्स कापणाऱ्याचा वेगळा नंबर, लागतो, फॉर्म ४९बी भरून मिळतो, पॅन चालत नाही. कापलेले पैसे पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत आयकर पोर्टलवर ई-पे टॅक्समधून भरा, मार्चचे ३० एप्रिलपर्यंत. डिसेंबरचे १० जानेवारीला भरले तर तीन दिवसांचा उशीर नाही, दोन महिने धरतात, महिन्याला दीड टक्का. मग तिमाही रिटर्न, २६क्यू: ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी, ३१ मे. उशिराला दिवसाला २०० रुपये फी, फक्त कापलेल्या टॅक्सच्या वर जात नाही, म्हणजे १,०८० कापले असतील तर सहाव्या दिवशीच तेवढीच फी लागून जाते. सॉफ्टवेअरमध्ये फाईल बनवणं कटकटीचं आहे, ते मी सल्लागाराकडेच देतो.

रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून १५ दिवसांत ट्रेसेसवरून (आयकर खात्याचं टीडीएसचं पोर्टल) १६ए, म्हणजे टॅक्स कापल्याचं सर्टिफिकेट, काढून मुकादमाला द्यायचा. आम्ही एकदा त्याच्या पॅनमधला एक आकडा चुकवला, त्याच्या पोराने २६एएस, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या टॅक्सचा उतारा, उघडलं तर काहीच नाही, पैसे कापले पण खात्यात नाहीत, मुकादम दोन दिवस टोळी घेऊन आलाच नाही आणि तुरीची गाडी गेटवर उभी. करेक्शन रिटर्न भरलं, मग दिसले. पोराने त्याचं रिटर्न भरून रिफंड काढला, आणि आता फेब्रुवारी उजाडला की मुकादमच विचारतो, "भाऊ, कागद उना का?"