शाळेत मानसिक आरोग्याचा तास घेताय? या चुका टाळा

आयुष्मान भारत योजनेतला शालेय आरोग्य कार्यक्रम फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झाला. त्याच्या ११ विषयांत भावनिक आणि मानसिक आरोग्य आहे, आणि ते शिकवायला प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक तयार करायचे असतात. शिक्षकांच्या प्रशिक्षणांना मी जाते तेव्हा मात्र तेच ते घोळ ऐकायला मिळतात, आणि ते निस्तरावे लागतात मुलांना.

मुलांना बोलतं करायचं, पुढचं काहीच ठरवायचं नाही

ही सगळ्यात घातक चूक. एका शाळेत आठवीच्या वर्गात बाईंनी कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. मनात सलतंय ते लिहा, नाव नको. मुलांनी भरभरून लिहिलं. बाईंनी चिठ्ठ्या तिथेच मोठ्याने वाचल्या. एकीत होतं, वडील दारू पिऊन आईला मारतात. लहान गाव, कोणाच्या घरी काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक. मधल्या सुट्टीपर्यंत त्या मुलीला चिडवणं सुरू झालं आणि पुढे कितीतरी दिवस ती शाळेत आलीच नाही. दुसऱ्या चिठ्ठीत होतं, ‘मला जगावंसं वाटत नाही.’ बाई घाबरल्या, मुख्याध्यापकांकडे गेल्या. सरांनी दुसऱ्या दिवशी परिपाठाला सगळ्या शाळेसमोर विचारलं, “हे कोणी लिहिलं?” कोण हात वर करणार?

बाईंची तळमळ खरी होती. पण उपक्रम रात्री मोबाइलवर पाहिला आणि सकाळी वर्गात केला, ही घाई मला मान्य नाही.

पहिल्या तासाआधी मी कागदावर लिहून घेते: मूल रडायला लागलं तर त्याच्याजवळ कोण बसणार, पालकांशी कोण बोलणार, पुढे कुठे पाठवायचं. जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग कोणत्या दिवशी चालू असतो, हे स्वतः जाऊन विचारते. टेलि-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फळ्यावर लिहिण्याआधी स्वतः फोन लावून पाहते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना समुपदेशक नेमायला सांगितलं आहे. लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यायचं आहे. ही जोडणी धडा सुरू होण्याआधी हवी.

चिठ्ठ्यांची पेटी ठेवायचीच असेल तर तिला कुलूप लावा. ज्याला मदत हवी त्याने नाव लिहावं, असं सांगा. पेटी एकाच शिक्षकाने रोज उघडायची, वर्गात वाचायची नाही. आणि दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर हा धडा मी घेतच नाही. मूल मन मोकळं करणार आणि दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद, असं होता कामा नये.

“कोणालाही सांगणार नाही” असं वचन देणं

हे वचन देऊच नका. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. मग मुलाच्या दृष्टीने तुम्ही शब्द मोडलेला असतो. मी तासाच्या सुरुवातीलाच सांगते, “तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कोणी तुला त्रास देत असेल, तर मला दुसऱ्यांची मदत घ्यावी लागेल. कोणाची घेणार, ते आधी तुला सांगेन.” एवढं ऐकूनही मुलं बोलतात.

बाकीच्या, थोडक्यात

१० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, पाहुणे बोलावून भाषण ठेवलं की विषय संपला, असं समजू नका. कार्यक्रमात दर आठवड्याचा तास आहे, तो घ्या.

आत्महत्येबद्दल बोलताना ती कशी केली, हे कधीही सांगू नका.

मुलाला आजाराचं नाव चिकटवू नका. ते डॉक्टरांचं काम. तुम्ही झोप, जेवण, अभ्यास, मित्र यांत काय बदललं तेवढं टिपून ठेवा.

या तासासाठी खेळाचा तास कापू नका. मला याचा फार राग येतो.

प्राणायाम जरूर शिकवा, पण घरात मार खाणाऱ्या मुलाला तेवढ्यावर परत पाठवू नका.

या विषयाला गुण देऊ नका.

पालकांना शेवटी सांगणं हीसुद्धा चूकच. ‘शाळा पोरांना वेडं ठरवतेय’ अशी कुजबुज एकदा सुरू झाली की धडा बंद पडतो. वर्षाच्या पहिल्या पालकसभेतच काय शिकवणार ते दाखवा, आणि सभा संध्याकाळी ठेवा, म्हणजे शेतावर, कामावर गेलेले वडीलही येतात.