जोशुआ ट्री खान्देशात जगवायचंय तर उन्हाचं टेन्शन सोडा, पावसाचं घ्या

जोशुआ ट्री म्हणजे अमेरिकेतल्या मोहावे वाळवंटातलं युक्का जातीचं झाड. ते लावलंय म्हटलं की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं, मे महिन्यात जळून जाईल हो. नाही जळत. एकदा मोठं झालं की 45 डिग्रीला पण उभं राहतं, त्याला मारतात ते आपले जुलै-ऑगस्ट.

काळं चपटं बी एक दिवस भिजवायचं, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरायचं, झालं. उगवल्यावर गवताच्या काडीसारखं दिसतं, आईने माझी दोन तण समजून उपटली. पहिल्या उन्हाळ्यात दुपारची सावली द्या.

आता माती. आपली काळी कापसा-केळीला सोनं, याला विष. मी पहिल्यांदा नर्सरीवाल्याचं ऐकून काळी माती, शेणखत, वर कोकोपीट असं भरलं, रोप दोन वर्षं मस्त चाललं, मग श्रावणात आठ दिवस झड लागली. वरून हिरवंगार होतं, मधलं पान सहज धरलं तर अख्खा शेंडा हातात आला, खाली तपकिरी चिखल आणि सडक्या कांद्याचा वास. तेव्हा बुरशीनाशक ओतायला सांगणारे खूप भेटतात, पण मूळ आधीच गेलेलं असतं आणि तुम्ही त्यात अजून पाणीच ओतता. तिकडे पाऊस मुख्यतः थंडीत पडतो, उन्हाळा कोरडा. आपल्याकडे गरमी आणि ओल एकदमच, बुरशीला अजून काय पाहिजे.

म्हणून तीन भाग जाड रेती (चाळून, बारीक फेकून), दोन भाग मुरूम, एक भाग माती, बस. कुंडी मातीचीच, भोक बोट जाईल एवढं. तांब्याभर पाणी ओता, मिनिटभरात खालून निथळलं नाही तर कुंडी रिकामी करून परत भरा, आळस करू नका. मृगाआधी कुंडी पत्र्याखाली, पण ऊन लागेल अशी, आणि सप्टेंबरपर्यंत पाणी जवळपास बंद. जमिनीत लावायचं तर चार-पाच वर्षांनी, दोन फूट मुरुमाच्या ढिगावर, ड्रिपच्या नळीपासून लांब.

बाकी उन्हाळ्यात आठवड्याने पाणी, हिवाळ्यात पंधरा दिवसांनी. खत नकोच.

वाढ वर्षाला सात-आठ सेंटीमीटर, ती पण सगळं जमलं तर, पुढे अजून कमी. माझं सहा वर्षांचं अजून गुडघ्याला लागलेलं नाही. बी धरायला त्याच्या फुलांचं परागीभवन करणारा त्याचाच एक छोटा पतंग (किडा) लागतो, तो आपल्याकडे नाही, त्यामुळे पुढचं बी पण विकतच घ्यायचंय.