ट्रक-बसचं स्वयंचलित बॅटरी स्वॅपिंग: स्टेशन चालवताना या चुका टाळा

इलेक्ट्रिक ट्रकच्या केबिनमागे बसणारा २८२ किलोवॉट-तासांचा बॅटरी पॅक चौकट आणि कूलिंग धरून तीन टनांच्या आसपास भरतो. गॅन्ट्री, म्हणजे वरून चालणारी क्रेन, तो उचलते, चार्जिंगच्या रिकाम्या खणात ठेवते, भरलेला पॅक आणून बसवते, आणि सगळं जुळून आलं तर पाच मिनिटांत गाडी बाहेर पडते. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमधल्या बसपासून हे तंत्र वापरात आहे आणि उचलठेव करणारी यंत्रणा आता चांगलीच पक्की झाली आहे. तरी स्वॅप अडकला की पहिला संशय रोबोटवरच जातो. खरा बिघाड बहुतेक वेळा दोन वस्तू एकमेकींना भिडतात तिथे सापडतो: पिन आणि तिचं भोक, कनेक्टरच्या दोन बाजू, लॉक आणि चासी, पॅकचं बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारी नियंत्रण यंत्रणा) आणि गाडीचा कंट्रोलर.

रीसेट मारून पुढे जाणं

सगळ्यांत महागात पडणारी सवय हीच. एरर आली, रीसेट केलं, दुसऱ्या प्रयत्नात पॅक बसला, गाडी गेली. कोणता पॅक, कोणती गाडी, कोणता खण याची नोंद राहिली नाही, आणि तोच दोष चार दिवसांनी दुसऱ्या गाडीत दिसला तेव्हा तो नवा वाटला.

स्वॅपिंगमध्ये दोष फिरतो, कारण पॅक फिरतो. म्हणून तपासाचा पहिला प्रश्न एकच ठेवा: दोष कोणाबरोबर जातो? तोच पॅक तीन वेगवेगळ्या गाड्यांत अलार्म देत असेल तर पॅक बघा. एकाच गाडीत कोणताही पॅक घातला तरी अलार्म येत असेल तर गाडीची बाजू बघा. एका ठरावीक खणात चार्ज होऊन आलेले पॅकच त्रास देत असतील, तर पॅक आणि गाडी दोन्ही सोडून त्या खणाचा कनेक्टर उघडा. हे कळण्यापुरती नोंद प्रत्येक स्वॅपला आपोआप झाली पाहिजे, यशस्वी स्वॅपलासुद्धा. फक्त फसलेल्या स्वॅपच्या नोंदी ठेवल्या तर तुलना करायला काही उरत नाही.

जुन्या मापावर नवा पॅक उतरवणं

तीन टन वजन उचललं की स्प्रिंगचे पाटे मोकळे होतात आणि चासी वर येते. पॅकचं वजन पुढच्या-मागच्या ॲक्सलवर सारखं पडत नसल्यामुळे चासी थोडी कलतेही. गाडी आत आली तेव्हा लेझरने किंवा कॅमेऱ्याने घेतलेलं माप जुना पॅक निघाल्यावर खरं राहत नाही. तेच माप धरून नवा पॅक उतरवला तर मार्गदर्शक पिन भोकाच्या कडेवर टेकते, पॅक एका बाजूने आधी बसतो आणि सगळं वजन काही क्षण एकाच कोपऱ्यावर येतं. त्यामुळे जुना पॅक निघाल्यावर पुन्हा मापन झालंच पाहिजे. सॉफ्टवेअरमध्ये वेळ वाचवण्यासाठी ही पायरी वगळलेली असेल तर ती परत सुरू करा.

एअर सस्पेन्शनच्या गाडीत आणखी एक गोष्ट घडते. चासी वर आली की उंची राखणारा लेव्हलिंग व्हॉल्व्ह हवा सोडून तिला खाली आणायला बघतो. मग नवा पॅक बसतो, चासी खाली दबते, आणि हवा भरायला कॉम्प्रेसर चालत नाही, कारण तो हाय-व्होल्टेजवर चालतो आणि ते अजून बंद आहे. गाडी खाली बसलेल्या अवस्थेतच लॉक लावायचा प्रयत्न होतो. स्वॅपपूर्वी लेव्हलिंग बंद करा. गाडीत तशी सोय नसेल तर चासीखाली ठरावीक उंचीचा आधार लागतो.

गाडी तिरपी उभी राहणं ही साधी वाटणारी पण सतत नडणारी बाब. १ अंशाचा तिरपेपणा २.४ मीटर रुंद पॅकच्या प्रत्येक टोकाला जवळपास २१ मिलिमीटरचा फरक पाडतो. तरंगत्या (थोडा इकडेतिकडे हलू शकणाऱ्या) कनेक्टरला इतकी सूट क्वचितच असते. चाकांच्या मार्गदर्शक पट्ट्या झिजल्या असतील तर बदला, आणि कॅमेऱ्याच्या काचेवरचा व गाडीवरच्या खुणांवरचा चिखल रोज पुसा. काही वेळा दुपारीच चुका वाढतात आणि रात्री सगळं सुरळीत चालतं. तेव्हा यंत्र खोलण्याआधी कॅमेऱ्यावर थेट ऊन येतंय का ते बघा.

लॉकच्या एकाच सेन्सरवर विसंबणं

जवळचा धातू ओळखणारा प्रॉक्सिमिटी सेन्सर "लॉक बंद" म्हणतो याचा अर्थ इतकाच, की त्याच्यासमोर धातू आहे. तो धातू लॉकचा खटका असेल, किंवा सेन्सरच्या तोंडावर साचलेला लोखंडी कीस. म्हणून लॉकची जागा सांगणारा एक सेन्सर आणि पॅक पूर्ण टेकल्याचं सांगणारा दुसरा, असे दोन स्वतंत्र पुरावे हवेत.

तिसरा पुरावा गॅन्ट्रीवरचा लोड सेल, म्हणजे वजन मोजणारा सेन्सर देतो, आणि तो फार कमी ठिकाणी वापरला जातो. लॉक लागल्यावर ग्रॅबर (पॅक धरणारा पंजा) सोडण्याआधी हळूच वर ओढ द्या. पॅक ३,००० किलोचा असेल आणि लॉक खरोखर लागला असेल, तर वाचन ३,००० च्या पुढे चढत राहतं, कारण आता गॅन्ट्री पॅकबरोबर चासीलाही ओढतेय. लॉक लागला नसेल तर वाचन ३,००० वर थांबतं आणि पॅक उचलला जातो. वजनापेक्षा ५ टक्के जास्त ओढ एवढं ओळखायला पुरते. मात्र उत्पादकाने लॉकला आणि होइस्टला (गॅन्ट्रीच्या उचलयंत्राला) दिलेली मर्यादा ओलांडू नका. काढतानाही हेच तर्कशास्त्र उलट्या बाजूने लागू पडतं: वाचन पॅकच्या वजनापुढे गेलं तर एखादा लॉक सुटलेला नाही, तिथेच थांबा. "अजून थोडी ताकद लावू" म्हणून होइस्टची मर्यादा वाढवणं म्हणजे चासीचा ब्रॅकेट वाकवणं. खाली ठेवताना वजन एकसारखं कमी न होता मध्येच अडून झटक्याने उतरलं, तर पिन घासतेय असं समजा.

कनेक्टर खराब झाल्यावरच बघणं

झीज कुठे जास्त होते याचा हिशोब आधी करा. दिवसाला तीनदा स्वॅप करणाऱ्या गाडीचा सॉकेट वर्षाला हजार-अकराशे वेळा जोडला जातो. चार्जिंगच्या खणात दिवसाला २० पॅक येत असतील, तर त्या खणाचा सॉकेट वर्षाला ७,३०० वेळा जोडला जातो. म्हणजे खणाचा सॉकेट आधी झिजणार. देखभालीचं वेळापत्रक मात्र अनेकदा गाडी, पॅक आणि खण तिघांना सारखंच लावलेलं असतं. झिजलेला किंवा जळका सॉकेट आपल्यापुरता खराब राहत नाही. त्यात आलेल्या प्रत्येक चांगल्या पॅकच्या पिना तो ओरबाडतो, आणि त्या पिना पुढे गाड्यांचे सॉकेट बिघडवतात. संशय आला की खण त्याच दिवशी बंद करा. एक खण बंद पडल्याचं नुकसान त्या मानाने काहीच नाही.

जोडावरचा रोध वाढला की उष्णता किती वाढते ते बघा. ३०० ॲम्पिअरला ०.१ मिलिओहम रोधावर ९ वॉट उष्णता होते. तोच रोध १ मिलिओहम झाला की ९० वॉट, आणि ही उष्णता बंद डबीत कोंडते. धन आणि ऋण दोन्ही पिनांतून प्रवाह सारखाच जातो, त्यामुळे त्यांचं तापमानही जवळपास सारखं हवं. एक दुसरीपेक्षा १० अंशांनी जास्त तापत असेल, तर अलार्मची मर्यादा गाठण्याची वाट बघू नका.

साफसफाईत सॅंडपेपर कधीही वापरू नका. पिनांवरचा चांदीचा मुलामा निघतो आणि पुढच्या काही आठवड्यांत रोध आधीपेक्षा वाढतो. धागे न सुटणारं कापड आणि उत्पादकाने सांगितलेला क्लीनर पुरे. हाताला येईल ते ग्रीसही लावू नका, त्यावर धूळ चिकटते.

संदेशवहनाच्या बारीक पिना जाड पिनांच्या आधी वाकतात. "पॅक ओळखला जात नाही" अशी एरर आली तर सगळा पुरवठा बंद करून कॅन-एच आणि कॅन-एल या तारांमध्ये (कंट्रोलर एकमेकांशी बोलतात त्या कॅन जाळ्याच्या दोन तारा) रोध मोजा. ६० ओहम आला तर जाळं ठीक. १२० आला तर एक टर्मिनेटर (जाळ्याच्या टोकाचा रोधक) जोडलेला नाही किंवा पिन लागत नाही. ४० आला तर कुठेतरी तिसरा टर्मिनेटर जास्तीचा आहे. वेगवेगळ्या आवृत्तीचे पॅक एकत्र वापरताना हे हमखास होतं.

वीज बंद करण्याचा क्रम मोडणं

चालू प्रवाहावर कॉन्टॅक्टर (पॅकची वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) उघडला की ठिणगी पडते आणि त्याचे पॉइंट वितळून चिकटू शकतात. चिकटलेला कॉन्टॅक्टर "उघडा" असा आदेश मिळूनही जोडलेलाच राहतो आणि कनेक्टर जिवंत असतो. क्रम असा पाळा:

१. गाडी जागेवर, पार्किंग ब्रेक लागलेला, स्टेअरिंग सरळ.
२. एसी, एअर कॉम्प्रेसर, स्टेअरिंग पंप बंद. पॅकचा प्रवाह शून्यावर आल्याची खात्री.
३. कॉन्टॅक्टर उघडणं.
४. गाडीच्या बाजूचं व्होल्टेज ६० व्होल्टच्या खाली आल्याचं मोजून बघणं. ठरावीक सेकंद थांबणं म्हणजे मोजणं नव्हे.
५. मगच लॉक सोडणं.

पॅक बाहेर असताना २४ व्होल्टची बाजू भरणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर बंद असतो आणि गाडीचे सगळे कंट्रोलर २४ व्होल्टच्या साध्या बॅटरीवर तग धरतात. ती बॅटरी जुनी असेल तर पाच मिनिटांत तिचं व्होल्टेज कोसळतं, नवा पॅक नीट बसूनही कॉन्टॅक्टर ओढला जात नाही आणि गाडी स्टेशनच्या तोंडाशी अडकते. मग सगळेजण नवा पॅकच तपासत बसतात. स्वॅपच्या सुरुवातीला आणि शेवटी २४ व्होल्टच्या बॅटरीचं वाचन नोंदीत घ्या; उत्तर तिथेच दिसेल.

इन्सुलेशनच्या अलार्मचा चुकीचा अर्थ

डीसी भागाच्या इन्सुलेशनच्या रोधासाठी किमान १०० ओहम प्रति व्होल्ट ही मर्यादा धरली जाते. ६४० व्होल्टच्या पॅकला ती ६४ किलोओहम होते. पॅक एकटा चांगला, गाडी एकटी चांगली, आणि जोडल्यावर अलार्म: पाऊस किंवा प्रेशरने धुलाई झाल्यावर असं घडलं तर कनेक्टरमध्ये पाणी आहे. सील बघा, कोरडं करा, पुन्हा मोजा. सगळं कोरडं असूनही वाचन विचित्र हलत असेल तर पॅकमधला आणि चार्जरमधला असे दोन इन्सुलेशन मॉनिटर एकाच वेळी चालू नाहीत ना ते तपासा. ते एकमेकांचं मापन बिघडवतात. एका वेळी एकच चालू हवा.

टक्केवारीवर आंधळा विश्वास

एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलचं व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात ३.२ ते ३.३ च्या आसपासच रेंगाळतं, त्यामुळे बीएमएसला चार्ज किती उरला हे व्होल्टेजवरून नीट कळत नाही. गर्दीच्या वेळी पॅक ९० टक्क्यांवर काढून देण्याची सवय लागली की काही दिवसांत आकडा भरकटतो आणि गाडी २० टक्के दाखवत असताना बंद पडते. प्रत्येक पॅक आठवड्यातून एकदा तरी पूर्ण भरू द्या आणि सेल समतोल होईपर्यंत खणात राहू द्या.

बसमध्ये दोन-चार पॅक समांतर जोडलेले असतील तर कॉन्टॅक्टर जोडण्याआधी त्यांची व्होल्टेज जुळवा. १० व्होल्टचा फरक आणि वाटेत ०.१ ओहम रोध म्हणजे एका पॅकमधून दुसऱ्यात १०० ॲम्पिअरचा लोंढा.

सगळे खण भरून ठेवणं

येणारा पॅक ठेवायला एक खण रिकामा हवाच. "एक पॅक जास्त ठेवू" म्हणून तो भरला की पहिल्याच गाडीला यंत्र अडतं. दर १० मिनिटांना गाडी येते आणि एका पॅकला तपासणी, थंड होणं, चार्जिंग मिळून ७० मिनिटं लागतात, असं धरलं तर सात पॅक आणि एक रिकामा खण लागतो, आणि त्यात राखीव काहीच नाही. सातही पॅक तासाभरात भरायचे तर सुमारे २ मेगावॉट लागतात. ट्रान्सफॉर्मर तेवढा नसेल तर चक्र लांबतं. घाट चढून आलेला तापलेला पॅक लगेच जोरात चार्ज होत नाही, आणि शून्य अंशाखालच्या एलएफपी पॅकला गरम केल्याशिवाय चार्ज करणं म्हणजे सेलमध्ये लिथियमचा थर बसवणं. थंड होण्याचा आणि गरम करण्याचा वेळही हिशोबात धरा.

कूलंटकडे दुर्लक्ष

कूलंटच्या नळ्यांचे न गळणारे कपलिंगसुद्धा दर जोडणीला काही थेंब सोडतात. दर वेळी ५ मिलिलिटर गेले तर २०० स्वॅपमध्ये १ लिटर कमी होतो आणि त्या जागी हवा शिरते. शिवाय पॅक फिरत असल्याने एका गाडीत टाकलेला चुकीचा कूलंट सगळ्या ताफ्यात पोचतो. एकच प्रकार ठरवा आणि टाकीच्या झाकणावर लिहून ठेवा.

संशयित पॅक खणातच ठेवणं

आपटलेला, फुगलेला, किंवा चार्जिंग थांबवूनही तापत राहिलेला पॅक इतर पॅकच्या शेजारी ठेवू नका. तो बाहेर काढून मोकळ्या जागी नेण्याचा मार्ग गॅन्ट्रीच्या प्रोग्राममध्ये आधीपासून असला पाहिजे, आणि त्या मार्गावर कधीही गाडी उभी राहता कामा नये. स्वॅप स्टेशनच्या सुरक्षेसाठी आयईसी ६२८४०-२ हे मानक आहे. आराखडा त्यावरून पडताळा. तापलेला पॅक रिकाम्या गाडीवर ठेवून "बघू जरा" असं करू नका. महिन्यातून एकदा रिकामी चौकट घेऊन हा पूर्ण मार्ग चालवून बघा, मुख्य वीज बंद असताना बॅकअपवरही, कारण आग लागते तेव्हा सर्वांत आधी मुख्य वीजच तोडली जाते.