स्लो कुकरमधली चिली: या चुका टाळा

"सगळं भांड्यात टाका, बटण दाबा आणि विसरून जा." स्लो कुकरबद्दल, म्हणजे तासन्तास मंद आचेवर शिजवणाऱ्या विजेच्या भांड्याबद्दल, हे वाक्य पहिल्यांदा ज्यानं लिहिलं, त्याला माझ्या हातची पहिली चिली (खिमा, राजमा, टोमॅटो आणि मिरचीपूड घालून केलेला दाट अमेरिकी रस्सा) खायला घालायला हवी होती.

त्या चिलीत मी रात्रभर भिजवलेला राजमा सकाळी तसाच कच्चा टाकला आणि कुकर 'लो'वर लावला. आठ तासांनी घरभर वास काय सुटला होता! दाणा बोटांत दाबून पाहिला तर बाहेरून मऊ आणि आत खडूसारखा. "जरा कचकचीत आहे, चालेल," म्हणून वाढला. दोन-तीन तासांत घरातले चौघे आळीपाळीनं बाथरूमच्या दाराशी. मी आपली मांसाला दोष देत बसले.

दोष राजम्याचा होता. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं, आणि चार-पाच कच्चे दाणेही पोट ढवळायला पुरतात. ते नष्ट व्हायला खळखळती उकळी लागते. स्लो कुकर मंद आचेवर रेंगाळतो. ८० अंश सेल्सिअसच्या आसपास अर्धवट शिजलेला राजमा तर कच्च्यापेक्षाही जास्त बाधतो. म्हणून निदान ५ तास भिजवायचा, ते पाणी फेकायचं आणि ताज्या पाण्यात गॅसवर ३० मिनिटं खळखळ उकळायचा. मी तर पार मऊ होईपर्यंत शिजवते, कारण टोमॅटोच्या आंबटपणात पडला की राजमा मऊ व्हायचं नावच घेत नाही. एवढा धीर नसेल तर बाजारात मिळणारा डबाबंद (कॅनमधला) घ्या. तो शिजलेलाच असतो. अमेरिकेतल्या टेक्सासची मंडळी चिलीत राजमा घालूच देत नाहीत. त्या रात्री मला त्यांचं फार पटलं.

दुसरं दुखणं पाणी. झाकणाखालची वाफ पुन्हा भांड्यातच पडते, वर कांदा, टोमॅटो, मांस आपापलं पाणी सोडतात. तरी लोक गॅसवरच्या मापानं पाणी ओततात आणि मग "चिली पातळ झाली" म्हणून रडतात. खिम्याच्या चिलीत मी सुरुवातीला पाणी घालतच नाही. पातळ झालीच तर शेवटचा अर्धा-पाऊण तास झाकण काढून 'हाय'वर ठेवते. कॉर्नफ्लोअर कालवून घट्ट करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण त्यांच्याकडे जेवायलाही जात नाही.

आणि ते झाकण! दर वेळी उघडलंत की शिजायला वीस मिनिटं ते अर्धा तास वाढला. काचेचं कशाला दिलंय?

खिमा कच्चा टाकला की त्याचे राखाडी गोळे होतात. आधी कांद्याबरोबर तांबूस परता, मिरचीपूड-जिरेपूड त्याच तेलात अर्धा मिनिट हलवा. "मग स्लो कुकर कशाला?" असं मला विचारतात. दहा मिनिटं जास्त उभं राहायचं, एवढंच तर आहे.

गोठलेलं मांस थेट टाकू नका. भांडं दोन-तृतीयांशाच्या वर भरू नका. गाजर-बटाटे तळाशी ठेवा, ते मांसापेक्षा उशिरा शिजतात. सावर क्रीम (आंबट मलई), चीज अगदी शेवटी, नाहीतर फाटतं.

फ्रिजमधलं गार सिरॅमिक भांडं तापलेल्या कुकरात ठेवू नका. माझं एक तसंच तडकलं. उरलेली चिली तर कुकरात गरम करायचीच नाही, गॅसवर चांगली उकळी आणायची.