मुलींच्या सायकल-ट्रॉलीचे हिसके कसे थांबले
दारव्हा तालुक्यातील आमच्या शेतावरच्या घरापासून अंगणवाडी दूर असल्याने, पाच आणि तीन वर्षांच्या दोन्ही मुलींना नेण्यासाठी मी 20 इंची चाकांची एक जुनी ट्रॉली घेतली. वेल्डिंगवाल्याने तिचा दांडा सायकलच्या कॅरिअरला जोडला आणि तिथेच चूक झाली. ट्रॉलीचा जोर उंचावर बसत असल्याने ब्रेक दाबताच सायकलचे मागचे चाक बाजूला सरकत असे. मग दांडा मागच्या चाकाच्या आसाला, डाव्या बाजूने, नटाखाली जाड पट्टी देऊन जोडला आणि बोल्ट निसटलाच तर ट्रॉली सुटू नये म्हणून फ्रेमभोवती नायलॉनचा पट्टा अडकवला. तरीही हिसके बसतच होते. दप्तर, डबे आणि पाण्याची बाटली मागच्या खणातून काढून मुलींच्या पायाशी, म्हणजे ट्रॉलीच्या आसाच्या पुढे ठेवली, तेव्हा दांड्यावर थोडा भार येऊन ते थांबले. वळणावर मात्र वेग कमी करावाच लागतो, कारण आतले चाक दगडावर चढले की ट्रॉली कलंडू शकते; म्हणून पट्टे आणि हेल्मेट यांत सूट नाही (धाकटी रोज कुरकुरते). बाभळीच्या काट्यांवर अजून उपाय सापडलेला नाही, आणि पावसाळ्यात काळी माती चाकांना थापून बसते, तेव्हा ट्रॉली गोठ्यातच राहते.