गणिताच्या मॅडम रजेवर असताना दहावीचा वर्ग कसा सांभाळावा

मी मराठी शिकवते, पाटण तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये. आमच्या गणित-विज्ञानाच्या मॅडम जुलैच्या पहिल्या आठवड्यात १८० दिवसांच्या प्रसूती रजेवर गेल्या. तासिका तत्त्वावर कोणी मिळतं का हे मुख्याध्यापकांनी बरेच दिवस पाहिलं, पण गाव आडबाजूला, आणि कराडहून रोज येऊन-जाऊन तासाच्या मानधनात कोणाला परवडेना. दहावीची ३१ मुलं माझ्याकडे आली. बीजगणित, भूमिती आणि विज्ञान भाग १ मधला भौतिकशास्त्राचा भाग. मी स्वतः गणित शेवटचं केलं ते बारावीत.

दुसऱ्या विषयाच्या शिक्षकांवर, गावातल्या शिकलेल्या ताई-दादांवर, एखाद्या पालकावर अशी वेळ येते. त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या शाळेला विषयाचा शिक्षक मिळण्यासारखा असेल तर आधी त्यासाठी पालकांना बरोबर घेऊन पाठपुरावा करा. मी सांगते आहे ते तोवरची सोय आहे.

रजेआधीचा एक तास

मॅडम जाण्याआधी त्यांच्याबरोबर निवांत एक तास बसा. 'पोर्शन कुठवर आला' हे तर पाठटाचणातही दिसतं. विचारायचं ते वेगळं. कोण वहीत उत्तर उतरवून घेतं आणि कोण खरंच सोडवतं? कोणाला येतं पण फळ्यासमोर उभं राहवत नाही? कोणतं प्रकरण मुलं स्वतः वाचून करू शकतील, आणि कोणत्या प्रकरणाला मी हात लावू नये?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फार मोलाचं ठरलं. मॅडमनी पाठ्यपुस्तकाच्या अनुक्रमणिकेवर पेन्सिलीने खुणा केल्या. अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, सांख्यिकी, निर्देशक भूमिती ही माझ्याकडे. वर्तुळाची प्रमेयं आणि त्रिकोणमिती त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवली. 'ती चुकीची डोक्यात बसली तर काढायला दुप्पट वेळ लागतो,' असं त्या म्हणाल्या. शिवाय वर्गसमीकरणाची दोन उदाहरणं त्यांनी बोलत बोलत सोडवली आणि मी ती फोनवर ध्वनिमुद्रित केली. मॅडम कुठे थांबतात, कुठे 'आता बघा हं' म्हणतात, हे पुढे कितीदा ऐकलं.

बाळंतिणीला रोज फोन करायचा नाही, हेही तेव्हाच ठरवा. आमचं ठरलं होतं: शनिवारी एक फोटो, त्यात जास्तीत जास्त तीन शंका. जमेल तेव्हा, बाळ झोपलं की, त्या बोलून उत्तर पाठवायच्या. कधी रविवारी यायचं, कधी बुधवारी. एकदा आलंच नाही, तेव्हा मीही विचारलं नाही.

पहिला आठवडा नवीन काही शिकवू नका

वह्या बघा. मी पाच साधी गणितं फळ्यावर लिहिली, सगळी सातवी-आठवीची. त्यात एक होतं: उणे ३ उणे ५. ३१ पैकी ११ जणांनी अधिक ८ लिहिलं. का, असं विचारल्यावर सगळ्यांचं एकच उत्तर: 'मायनस मायनस प्लस.'

हा मंत्र आपणच मुलांना दिला आहे आणि तो अर्धवट आहे. गुणाकारात तो चालतो, बेरजेत चालत नाही. हे मी नियम सांगून समजावलं नाही. दुकानदाराच्या उधारीच्या वहीतून सांगितलं: तुझ्या नावावर तीन रुपये देणं आहे, वर आणखी पाचाचा माल नेलास, तर देणं किती? 'आठ.' मग ते तुझ्या खिशात आले का? वर्ग शांत झाला. त्या एका गणितावर आम्ही दोन तास घालवले. ते दोन तास वाया गेले असं मला क्षणभरही वाटलं नाही, कारण पुढे दोन चलांच्या रेषीय समीकरणांत जी मुलं अडखळत होती ती बहुतेक याच दगडावर अडखळत होती.

शाब्दिक उदाहरण हे आधी मराठीचं वाचन आहे

इथे भाषेच्या शिक्षकाला काहीतरी देता येतं. मुलांना समीकरण सोडवता येतं, पण उतारा वाचता येत नाही. म्हणून माझ्या तासाला शाब्दिक उदाहरण कोणीतरी उभं राहून मोठ्याने वाचायचं, पेन खाली ठेवून. मग वाक्यावाक्याला थांबायचं.

'पाच वर्षांपूर्वी आईचं वय मुलीच्या वयाच्या चौपट होतं.' पाच वर्षांपूर्वी कोण लहान होतं? आई. फक्त आई? निम्म्या मुलांनी पाच वर्षं आईच्या वयातूनच वजा केली होती, मुलगी होती तेवढीच ठेवली होती. 'होतं' या क्रियापदाने दोघींना एकदमच मागे नेलं आहे, हे व्याकरणाने पटकन दिसतं. आज आई मुलीपेक्षा २४ वर्षांनी मोठी असेल तर मुलगी १३ ची आणि आई ३७ ची. उत्तर आल्यावर ते परत वाक्यात ठेवून वाचायला लावा: पाच वर्षांपूर्वी ३२ आणि ८, चौपट. जुळलं.

दोन अंकी संख्यांच्या उदाहरणांत तर आपली भाषाच मदतीला येते, आणि अडवतेही. दशकाचा अंक एक्स, एककाचा वाय, तर संख्या किती? मुलं नुसतंच एक्स वाय लिहितात, म्हणजे गुणाकार. मी विचारलं, सत्तेचाळीस या शब्दात काय काय ऐकू येतं? सात आणि चाळीस. आणि चाळीस म्हणजे? चार गुणिले दहा. म्हणजे दहा एक्स अधिक वाय. मराठीत एककाचा अंक आधी बोलतो आणि लिहिताना दशकाचा आधी येतो, म्हणून अदलाबदलीच्या उदाहरणात मुलांची गडबड होते. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढा वाद झाला, तो याच गाठीवरून. मला स्वतःला सत्तेचाळीस हाच शब्द प्रिय आहे, पण त्याची फोड मुलांना करून द्यायलाच हवी. मग हे दिलं: अंकांची बेरीज ११, अदलाबदल केली की संख्या २७ ने वाढते. सगळ्यात मागे बसणाऱ्या मुलाने ४७ आणि ७४ काढून दाखवले.

भूमितीत फळ्यावर तुम्ही उभं राहू नका. प्रमेयं मुलं पाठ करतात आणि मधली एक ओळ विसरली की सगळं कोसळतं. मी पायथागोरसच्या प्रमेयाच्या सिद्धतेची एकेक ओळ कागदाच्या पट्टीवर लिहिली, कारण वेगळ्या पट्टीवर. पट्ट्या मिसळून चौघांच्या गटाला द्यायच्या आणि म्हणायचं, लावा. आधी पक्ष, मग साध्य, मग रचना, मग सिद्धता. 'को-को कसोटी' (दोन कोन सारखे, तर त्रिकोण समरूप) ही पट्टी कुठल्या ओळीजवळ बसते यावरून भांडणं व्हायची. ती भांडणं होऊ द्या. तुम्ही फक्त 'का?' एवढंच विचारत राहा.

भौतिकशास्त्राचे शब्द

मॅडमच्या विषयातले किती शब्द आपले रोजचेच आहेत, पण अर्थ वेगळे! किराणा दुकानात 'वजन ५ किलो' चालतं. पुस्तकात ते वस्तुमान. वजन हे बल आहे, न्यूटनमध्ये मोजायचं. ५० किलो वस्तुमानाच्या मुलीचं पृथ्वीवर वजन ४९० न्यूटन, चंद्रावर त्याचा साधारण सहावा भाग. वस्तुमान मात्र दोन्हीकडे ५० किलोच. मी शब्दांची एक वेगळी वही करून घेतली, डावीकडे घरचा अर्थ, उजवीकडे पुस्तकाचा. परावर्तन म्हणजे परत फिरणं, अपवर्तन म्हणजे आपली वाट सोडून बाजूला वळणं. दोन्हींत 'वर्तन', म्हणजे वळणं. उन्नती-अवनती माहीत असली की उन्नत कोन आणि अवनत कोन पाठ करावे लागत नाहीत.

आणि उत्तरापुढे एकक लावलंच पाहिजे. एकक नसलेलं उत्तर मी क्रियापद नसलेल्या वाक्यासारखं अपूर्ण म्हणून परत करायची.

गुरुत्वाकर्षणाच्या प्रकरणात मी स्वतः चुकले, ते सांगते. चेंडू सेकंदाला १९.६ मीटर वेगाने सरळ वर फेकला तर २ सेकंदांनी तो सर्वांत वर पोहोचतो, तिथे त्याचा वेग शून्य. मी म्हणाले, म्हणजे तिथे त्वरणही (वेग बदलण्याचा दर) शून्य. एका मुलीने हात वर केला: 'मग मॅडम, त्यो तिथंच ऱ्हाईल की!' तिचं बरोबर होतं. वेग शून्य आणि त्वरणही शून्य, तर चेंडू खाली येणार कसा? त्वरण वरही तेवढंच, ९.८, खाली खेचणारं. दुसऱ्या दिवशी तासाच्या सुरुवातीला मी फळ्यावर कालचं वाक्य लिहिलं, खोडलं, बरोबर वाक्य लिहिलं आणि त्या मुलीला ते समजावून सांगायला लावलं. येत नसेल तर 'मला माहीत नाही, वहीत लिहून ठेवू' असं म्हणा. अंदाजाने काही सांगू नका. मुलं ते परीक्षेत लिहितात.

प्रयोगशाळेची किल्ली मागून घ्या. मोठं काही लागत नाही. प्रयोगशाळा परिचरांनी मला बहिर्गोल भिंग काढून दिलं. खिडकीकडे भिंग धरून मागे पांढरा कागद पुढे-मागे सरकवला, आणि मैदानापलीकडचं कडुनिंबाचं झाड कागदावर उलटं उमटलं, पानांसकट हलणारं. भिंगापासून कागदापर्यंत पट्टीने मोजलं, साधारण १० सेंटिमीटर. दूरच्या वस्तूची प्रतिमा जिथे स्पष्ट होते ते अंतर म्हणजे जवळपास नाभीय अंतर. ३१ जणांनी पाळीपाळीने ते झाड पाहिलं. भिंग सूर्याकडे धरू द्यायचं नाही, हे आधीच बजावा.

बर्फाचाही प्रयोग करा. आइस्क्रीमच्या दुकानातून बर्फ आणला, पातेल्यात तापमापी ठेवून मंद आच दिली. बर्फ वितळतोय, खाली उष्णता चालू आहे, आणि पारा शून्याच्या आसपासच. 'मग उष्णता जाते कुठे?' हा प्रश्न वर्गातूनच आला, आणि अप्रकट उष्मा हा शब्द त्यानंतर मी फळ्यावर लिहिला. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी हा आकडा त्या दिवसानंतर कोणी विसरलं नाही. विजेच्या प्रकरणात मात्र फक्त सेलवर प्रयोग करा. भिंतीतल्या प्लगला हात लावायचा नाही, तुम्हीही.

भिंगाच्या सूत्रातले चिन्ह संकेत, म्हणजे कुठलं अंतर अधिक धरायचं आणि कुठलं उणे याचे नियम, मला झेपेनात. आमची एक माजी विद्यार्थिनी कराडला इंजिनिअरिंगला आहे. ती दोन शनिवारी आली. बाहेरचं कोणी बोलावलंत तर त्यांना नेमकं एक उदाहरण आणि एक अडचण द्या. 'जरा मुलांना मार्गदर्शन करा' म्हटलं की भाषण होतं. पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवर उघडतात, ते व्हिडिओही चांगले आहेत, पण चार-पाच मिनिटांनी थांबवून मुलांना लिहायला लावा. नाहीतर सगळे माना हलवतात आणि वही कोरी राहते.

शंकावही

एवढं सगळं वाचून एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. शंभर पानी वही, सुतळीने फळ्याशेजारच्या खिळ्याला बांधलेली. त्यात 'समजलं नाही' असं लिहायला मनाई. लिहायचं असं: पान क्रमांक, उदाहरण क्रमांक, 'इथपर्यंत आलं', ती ओळ, आणि 'इथे अडलं'. खाली नाव. सुरुवातीला मुलं लाजली. मग मी माझीच शंका आधी लिहिली, माझ्या नावाने, ती चेंडूची. दुसऱ्या दिवशी चार नोंदी होत्या.

'इथपर्यंत आलं' लिहिताना पुष्कळदा मुलाला पुढची ओळ सुचते. अशा नोंदींवर मुलांनी स्वतःच काट मारून 'सुटलं' लिहिलं आहे, दर पानावर एक-दोन तरी. उरलेल्यांपैकी काही दुसरं कोणी सोडवून द्यायचं, आणि तेही जिथे थांबले त्या शनिवारच्या फोटोत जायच्या. घाईने पोर्शन पुढे रेटू नका. बीजगणित ४० गुणांचं, भूमिती ४० ची, दोन-दोन तासांचे पेपर; त्यात मुलं अडतात ती बहुधा मागच्याच धड्यांवर. प्रथम सत्र परीक्षेनंतर दिवाळीच्या सुट्टीत मी नवीन काही दिलं नाही. प्रत्येकाने फक्त आपल्या नावच्या अडलेल्या नोंदी परत करून बघायच्या होत्या.

मॅडम जानेवारीत रुजू झाल्या. आदल्या संध्याकाळीच मी ती वही त्यांच्या घरी नेऊन दिली, सोबत अनुक्रमणिकेचं पान: काय झालं, काय अर्धं झालं, काय मी मुद्दाम सोडलं. पहिल्या तासाला त्यांनी चिन्ह संकेतांचं पान उघडलं आणि तिथल्या सात नावांना पुढे बोलावलं. पहिले चार-पाच दिवस तुम्हीही वर्गात थांबा. मी मागच्या बाकावर बसायचे. मॅडमनी एखादी नोंद वाचली की तो मुलगा तेव्हा काय म्हणाला होता, कुठल्या शब्दाशी थांबला होता, ते सांगायचे. पाचव्या दिवशी मॅडम म्हणाल्या, 'आता जा तुम्ही, तुमचे पूर्वपरीक्षेचे गठ्ठे तसेच पडलेत.' मी स्टाफरूममध्ये गेले आणि मराठीचे पेपर तपासायला घेतले.